नरसूचे भूत आणि बारसेवाड्याची आग

स्नेहसंमेलनांत आजही हमखास नाचले जाणारे ‘गोमू संगतीनं’ हे गाणे मुळात एका भुताच्या चित्रपटातले आहे, हे ठाऊक होते का? वसंत जोगळेकर दिग्दर्शित ‘हा खेळ सावल्यांचा’, १९७६. आशा काळे, काशिनाथ घाणेकर. गीते सुधीर मोघे यांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे.

मेलेल्या नरसूचे भूत सूड घेत आहे, या धास्तीने इंदू खचत जाते. चांदणे, झाडी, घाबरवणाऱ्या सावल्या सारे काही आहे. पण उत्तर शोधायचे ते माणसांतच. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’मध्येही (१९६४) मृत पत्नी परत आल्याचा भास होतो. गुंता सुटतो मात्र न्यायालयात, जुळ्या बहिणीच्या उलगड्याने. (हिंदीतला ‘मेरा साया’ याच चित्रपटावरून.) दिवा लावून सावली कुणाची ते पाहायचे, ही त्या काळच्या मराठी रहस्यपटाची सवय मला त्याच्या भयाहूनही मोलाची वाटते.

मी एटापल्लीचा, म्हणून हे लिहितो आहे. मे २०२४ मध्ये आमच्याच तालुक्यातील बारसेवाडा गावात जादूटोण्याच्या संशयावरून एक स्त्री आणि एक पुरुष यांना मारहाण करून जिवंत जाळण्यात आले. पंधरा जणांना अटक झाली. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून अस्तित्वात होता.

चित्रपटात खुनी भुताच्या आड दडतो. इथे गावाला खुनी लपवायचाच नव्हता. एका लहान मुलाच्या मृत्यूचा ‘खुनी’ आपल्याला सापडला, अशी त्याची खात्री झाली होती. ते मूल कोणत्या आजाराने गेले, हा प्रश्न आधी यायला हवा होता.