सेन, ओरिजित
सेन, ओरिजित : (१९६३– ). भारतीय व्यंगचित्रकार, चित्रकादंबरीकार व संकल्पक. जन्म कोलकाता येथे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिक्षण. त्यांची ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ (१९९४) ही इंग्रजी कृती ‘कल्पवृक्ष’ या पर्यावरण संस्थेने काढली. तिला भारतातील पहिली चित्रकादंबरी म्हणतात. पण पहिलेपणाच्या या मानात तिची खरी कामगिरी झाकली जाते. राजकीय व्यंगचित्राला एका चौकटीत सत्तेला टोचता येते. धरणाने गाव कसे उठते, हे सांगायला मात्र ती चौकट अपुरी पडते. सेन यांनी नर्मदेवरील धरणांविरुद्धच्या आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर विष्णू हा तरुण पत्रकार आणि मालगू हा आदिवासी गायक यांची कथने शेजारी ठेवली. त्यामुळे सरकारी विकासभाषेवरील उपहासाला विस्थापितांच्या सृष्टिकथेचे वजन लाभले. नर्मदाकाठच्या अक्राणी-अक्कलकुवा तालुक्यांतील बुडीत गावे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे जग परके वाटणार नाही.

ही कृती एकतर्फी प्रचार आहे, असा आक्षेप घेता येईल. तिची बाजू उघड आहे, हे खरेच. परंतु धरणाचे समर्थन करणारा आवाज शासन आणि वृत्तपत्रे यांच्यामार्फत सर्वत्र पोहोचतच होता. न ऐकलेली बाजू नोंदवणे म्हणजे सत्याचा विपर्यास नव्हे. शिवाय पत्रकाराचे शिकणे, गोंधळणे कथेत दिसत राहते, ते घोषणाबाजीत दिसत नाही. पुढे गोवा विद्यापीठातील मारिओ मिरांडा अध्यासनावर असताना सेन यांनी विद्यार्थ्यांसह म्हापशाच्या बाजाराचे चित्रांकन हाती घेतले. दीर्घकाळ दुर्मिळ राहिलेली ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ २०२२ मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाली.