बॉस नाही, मग दर कोण ठरवतं?

आजचा एपिसोड मला सुचला तो आमच्या बिल्डिंगखाली. रात्री साडेअकराला जेवण घेऊन आलेल्या मुलाला मी सहज विचारलं, "घरी कधी जाणार?" तो म्हणाला, "अजून दोन ऑर्डर झाल्या की इन्सेंटिव्ह मिळेल. आपल्याला कोणी बॉस नाही ना दादा, आपली मर्जी."

बॉस नाही, तरी माणूस घरी जात नाही. असं का? मला याचं उत्तर १८६७ सालच्या एका पुस्तकात सापडलं.

कार्ल मार्क्सच्या 'भांडवल'च्या पहिल्या खंडात नगावर मिळणाऱ्या मजुरीबद्दल एक अख्खं प्रकरण आहे. म्हणणं साधं आहे. तासावर पगार असेल, तर मालकाला लक्ष ठेवायला मुकादम लागतो. नगावर असेल, तर कामगार स्वतःच स्वतःचा मुकादम होतो. चार पैसे जास्त मिळतील म्हणून तो जास्त वेळ राबतो. आणि सगळेच असे राबायला लागले, की नगाचा दर खाली येतो.

आता आपल्या मुंबईकडे बघा. गिरणगावात हजारो 'बदली' कामगार होते. सकाळी गेटवर हजर व्हायचं. कायम कामगार आला नाही तर त्या दिवसाचं काम, नाहीतर घरी परत. मार्क्स अशा लोकांना राखीव फौज म्हणतो. बाहेर माणसं ताटकळत उभी असली, की आतला माणूस पगारवाढ मागायला कचरतो.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. बदलीवाल्यांना कायम करा, हीसुद्धा एक मागणी होती. संप मोडला. कापड मात्र विणलं जातच राहिलं, भिवंडीच्या पॉवरलूमवर. तिथे मजुरी मीटरवर, म्हणजे पुन्हा नगावरच!

मार्क्सचं सगळं खरं ठरलं का? नाही. पुढारलेल्या भांडवलशाही देशांत कामगार क्रांती करतील, ही त्याची अपेक्षा फसली. पण मजुरीची ही मेख त्याने अचूक पकडली होती.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगारांची दखल घेतली गेली. चांगलंच झालं. पण एका ऑर्डरचे किती पैसे, हे आजही ॲपच ठरवतं.

म्हणून पुढच्या वेळी कोणी "बॉस नाही" म्हणालं, तर एवढंच विचारा: मग दर कोण ठरवतं? भेटू पुढच्या भागात.