चान्या

अमेरिकेतले ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या छातीचे चिवट, म्हणून एकेकाळी स्वस्त मांस. मंद धुरावर दहा-बारा तास ठेवले की ते मऊ होते. आज ते प्रतिष्ठेचे पक्वान्न आहे. मराठवाड्यात मेलेली जनावरे ओढण्याचे काम ज्यांच्या माथी मारले गेले, त्यांनी एका दिवसात न संपणारे मांस लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवले. याच चान्या. पुढे भाजून किंवा शिजवून त्या भाकरीशी खाल्ल्या जात. मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. ते योग्यच होते. पण त्या लाजेपोटी पाककृतीही बोलण्यातून गेली. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकाने ती २०१५मध्ये कागदावर आणली. त्याच वर्षी राज्यातली गोहत्याबंदी बैलांनाही लागू झाली.