करमणुकीच्या जागा : राणीची बाग ते काळाचौकी

मुंबईतील पहिली कापडगिरणी आणि पहिले सार्वजनिक संग्रहालय यांच्या जन्मतारखा जवळजवळ एकच आहेत. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवच्या गिरणीतून सूत निघू लागले. मधल्या वर्षी, १८५५ मध्ये, पॅरिसला मोठे प्रदर्शन भरले. त्यासाठी मुंबई इलाख्यातून कारागिरीच्या वस्तू, धान्ये, धागे, कापडे गोळा करण्यात आली आणि त्या निमित्ताने फोर्टातील बराकीत एक संग्रहालय उभे राहिले. पुढे भायखळ्याला राणीच्या बागेत गेलेले, १८७२ साली लोकांसाठी खुले झालेले आणि १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे संग्रहालय ते हेच.

हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण मला तो तसा वाटत नाही. हातमागाचे कापड ज्या वर्षांत गिरणीच्या कापडापुढे हरू लागले, त्याच वर्षांत ते काचेच्या कपाटात शिरले. संग्रहालयाच्या पहिल्या चालकांचा, उदाहरणार्थ जॉर्ज बर्डवुड यांचा, देशी कारागिरीविषयीचा आदर खरा होता. तरीही कारागिराचे काम 'पाहण्याची गोष्ट' झाले, ते त्याच्या पोटाचे साधन राहणे कठीण झाले तेव्हाच. कालांतराने या संग्रहालयात निरनिराळ्या धंद्यांतील माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आल्या. त्या पाहताना प्रेक्षक हमखास रेंगाळतो, आणि मीही दर वेळी रेंगाळतो. त्या सुबक आहेत आणि गप्प आहेत.

बागेची गोष्ट थोडी वेगळी. राणीची बाग १८६२ साली खुली झाली, तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या भावाने मुंबईत पैशाचा पूर आणला होता. संग्रहालयाच्या इमारतीची पायाभरणीही त्याच वर्षीची. १८६५ मध्ये भाव कोसळले, देणगीदार बुडाले, बांधकाम रखडले आणि शेवटी सरकारने ते पुरे केले. शहराची आकर्षणस्थळे तेजीत जाहीर होतात आणि मंदीत रखडतात, हा अनुभव नवा नाही, एवढेच यावरून नोंदवू. पण कापसाच्या पैशातून निघालेल्या या बागेवर कापसात काम करणाऱ्यांनी आपला हक्क सांगितला. लालबाग-परळचे गिरणगाव बागेला खेटून वाढले. गावाहून आलेला पाहुणा, सणाची सुट्टी, पोराचा हट्ट, या सगळ्यांवर राणीची बाग हा एक स्वस्त आणि सोपा उतारा होता. २०१७ मध्ये, पेंग्विन पाहायला खुले झाल्यानंतर काही महिन्यांतच, प्रौढांचे तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये झाले. कुटुंबासाठी १०० रुपयांची सवलत ठेवण्यात आली, हे खरे. शीतगृहात पेंग्विन सांभाळायचे तर खर्च येणारच, हेही खरे. तरी ५ आणि ५० या आकड्यांमध्ये केवळ महागाई नाही, बागेकडे पाहण्याची बदललेली दृष्टीही आहे.

परंतु गिरणगावाची मुख्य करमणूक कोणी बांधून दिलेली नव्हतीच. कोकणातल्या माणसाने नमन-खेळे आणि शक्तीतुरा आणला, घाटावरच्याने तमाशा आणला. चाळीच्या गॅलरीत भजन बसले, तालमी निघाल्या, गणपतीचे मांडव पडले. लालबागला तमाशाचे थिएटर होते. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने परळला १९२२ मध्ये दामोदर नाट्यगृह उभे केले आणि कामगार रंगभूमी तिथे रुजली. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. या कलापथकाच्या कार्यक्रमांना केवळ प्रचार म्हणणारा समीक्षक अजूनही अधूनमधून भेटतो. पाळी संपवून आलेला, कानात साचेखात्याचा आवाज अजून घुमत असलेला माणूस मैदानात तासन्‌तास बसून ऐकत असे, ते केवळ प्रचारासाठी, हे पटण्यासारखे नाही. रंगमंचावर त्याला स्वतःची भाषा ऐकू येत होती. नारायण सुर्वे यांची कविता याच हवेत वाढली. त्यांना वाढवणारे गंगाराम आणि काशीबाई सुर्वे दोघेही गिरणीत राबत; काशीबाई कमला मिलमध्ये कामाला होत्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही आणि बहुतेक कामगार परतलेच नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने विकसित होणाऱ्या गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरवले : मोकळ्या जागांसाठी पालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीपुरते उरले. बांधकामाखालची जमीन हिशेबातून निसटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. एका उपनियमाची भाषा शहराचा नकाशा किती बदलू शकते, हे भाषेच्या अभ्यासकांनीही एकदा तपासून पाहावे.

भाषेचाच आणखी एक नमुना लोअर परळच्या फिनिक्स मिलचा. १९०५ साली स्थापन झालेल्या या गिरणीच्या आवारात १९९० च्या दशकाच्या अखेरीस बोलिंग अ‍ॅली सुरू झाली. कामगारांच्या मनोरंजनाची सोय या नावाखाली तिला परवानगी मिळवली गेली, असा कामगार संघटनांचा आक्षेप होता आणि त्यासाठी निदर्शनेही झाली. त्या आवाराचे पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे : दुकाने, उपाहारगृहे, चित्रपटगृहे आणि आठवण म्हणून राखलेली चिमणी. 'कामगारांचे मनोरंजन' हे तीन-चार पिढ्यांनी घामाने कमावलेले शब्द असे अर्जातल्या एका रकान्यात जाऊन बसले. जयंत पवार यांनी आपल्या कथासंग्रहाला 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' असे नाव दिले, ते या परिसरात वावरलेल्या वाचकाला वेगळ्याच ठिकाणी बोचते. १९९७ च्या 'अधांतर' नाटकात त्यांनी संपानंतरचे एक घर दाखवले होते. मॉलमध्ये त्या घरातला कोणी गेलाच तर बहुधा सुरक्षारक्षकाच्या गणवेशात गेला असेल.

कमला मिलचे आवारही असेच पब आणि कचेऱ्यांनी भरले. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या गच्चीवरच्या पबमध्ये आग लागून १४ जण मेले. बातम्यांत सर्वत्र 'कमला मिल आग' असेच छापून येत होते. नावे टिकतात, हे मुंबईचे वैशिष्ट्यच आहे. काळ्या घोड्याचा पुतळा १९६५ मध्ये राणीच्या बागेत गेला, तरी चौकाचे नाव काळा घोडाच राहिले आणि २०१७ मध्ये तिथे स्वाराविना एक नवा घोडा आणून बसवला. नावाखालची वस्तू हरवली की शहर तिची प्रतिकृती करून आणते.

आता काळाचौकी. तेथील इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय करण्याची योजना महापालिकेने आखली. पहिल्या टप्प्यात गिरणीच्या तळ्यावर कारंजे आणि प्रकाशध्वनीचा खेळ कल्पिलेला होता. तळे हे गिरणीचे अंगच; पाणी नसेल तर वाफेचे यंत्र कसे चालणार? त्याच पाण्यावर आता रंगीत प्रकाश नाचणार. कारंज्याला माझा विरोध नाही. गिरणगावातील माणसाला रोषणाईचे वावडे कधीच नव्हते, गणपतीतल्या रांगा पाहाव्यात. पण दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झाले आणि जमीनदोस्त झाले, तेव्हा रस्त्यावर उतरून विरोध करावा लागला तो नाट्यकर्मींना आणि लोककलावंतांना. गिरणगावाची स्वतःची, चालती करमणूक पाडली जाते आणि तिच्या आठवणीचे आकर्षणस्थळ आखले जाते, या दोन गोष्टी एकाच शहरात काही किलोमीटरच्या अंतरावर घडतात.

संग्रहालयात साचे येतील, बॉबिन येतील, एखादा भोंगाही वाजवला जाईल. जॉबर, बदली कामगार, खानावळवाल्या बाया यांच्या प्रतिकृतीही येतील. त्यांनी बोलावे की भायखळ्यातील मातीच्या माणसांसारखे गप्प राहावे, हे मात्र अजून ठरवता येण्यासारखे आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील माणसांच्या तोंडून ऐकून 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' हा ग्रंथ २००४ मध्ये सिद्ध केला. त्यात कामगार आहेत, कार्यकर्ते आहेत, शाहीर आहेत, आपापल्या बोलीत आणि आपापल्या रागात. काळाचौकीच्या आराखड्यात या आवाजांसाठी एक खोली आणि दामोदरच्या मापाचा एक रंगमंच मागून पाहायला हरकत नसावी.