अस्थिमज्जेपाशी अडलेला उपचार

१/७
२४ डिसेंबर १९३६. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे डॉ. जॉन लॉरेन्स यांनी ल्युकेमियाने ग्रासलेल्या २८ वर्षांच्या एका स्त्रीला किरणोत्सारी फॉस्फरस दिला. तो त्यांचे बंधू अर्नेस्ट यांच्या सायक्लोट्रॉनमध्ये तयार झाला होता. कृत्रिम समस्थानिकाने माणसावर केलेला हा पहिला उपचार मानला जातो.

२/७
फॉस्फरसच का? झपाट्याने विभागणाऱ्या पेशी आणि हाडे तो शोषून घेतात. म्हणून किरणोत्सार आपोआप अस्थिमज्जेत, म्हणजे रक्तपेशींच्या जन्मस्थानी पोहोचतो. तांबड्या पेशी बेसुमार वाढवणाऱ्या ‘पॉलिसायथेमिया व्हेरा’त त्याचा गुण आला, मात्र काही रुग्णांना अनेक वर्षांनी ल्युकेमियाच जडला.

३/७
१९४४. स्वीडनमधील डॉ. यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी दोन रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. नाकातोंडातून रक्तस्राव, रक्तद्रव असाधारण दाट. हा दुर्मिळ कर्करोग आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यात मज्जेतील बिघडलेल्या पेशी ‘आयजीएम’ हे अवजड प्रतिपिंड अमाप बनवतात.

४/७
काही रुग्णांत हेच प्रतिपिंड चेतातंतूंच्या मायलिन आवरणातील ‘मॅग’ या प्रथिनाला चिकटते. पावले बधिर होतात, अंधारात तोल जातो, हात कापतात. आजार रक्ताचा, घाव मात्र चेतातंतूंवर. या कोड्याचा उलगडा १९८०च्या दशकात झाला.

५/७
तोवर प्रतिपिंडच औषध होऊ लागले होते. १९७५ मध्ये केंब्रिज येथे कोहलर व मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तितकी बनवण्याची रीत शोधली. त्यांवर किरणोत्सारी अणू बसवला, तर तो नेमक्या पेशीपर्यंत नेता येणार होता.

६/७
२००२ मध्ये अमेरिकेत लिम्फोमासाठी ‘झेवालिन’ला मान्यता मिळाली. त्यातील प्रतिपिंड पेशीवरील ‘सीडी२०’ ही खूण ओळखते. सोबतच्या यिट्रियम-९०चे अर्धायुष्य सुमारे ६४ तास, आणि त्याचे किरण ऊतीत काही मिलिमीटरच शिरतात.

७/७
वाल्डेनस्ट्रॉमच्या पेशींवरही ही खूण असते. पण त्यांचे घर मज्जेतच. तिथे मारा केला तर शेजारच्या निरोगी पेशीही होरपळतात. म्हणूनच मज्जेचा पाव वा अधिक हिस्सा रोगाने व्यापला असल्यास झेवालिन देऊ नये, असा दंडक घातला गेला, आणि अनेक रुग्णांपुढे हे दार बंद राहिले. १९३६ मध्ये मज्जा गाठणे हे यश होते. ६६ वर्षांनी तीच मज्जा वाचवणे ही उपचाराची पहिली अट ठरली.