सुवर्णशोधकाळातील कॅलिफोर्नियन काव्य

कॅलिफोर्नियातील सुवर्णशोधाच्या लाटेतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्माण झालेले इंग्रजी काव्य. २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथे जेम्स मार्शल यास सोन्याचे कण आढळले. पुढील सात-आठ वर्षांत सुमारे तीन लाख लोक तेथे आले. त्यांच्या वस्त्यांत प्रथम रुळली ती गीते. जॉन ए. स्टोन याने परिचित चालींवर रचलेल्या विनोदी गीतांत प्रवासाचे हाल, महागाई व निराशा यांचे चित्रण आढळते.

निसर्गाचे उदात्त रूप जॉन रोलिन रिज (१८२७–६७) याच्या ‘माउंट शास्ता’ या कवितेत दिसते. तीत हे हिमाच्छादित शिखर निःपक्षपाती व शाश्वत कायद्याचे प्रतीक ठरते. रिज हा चेरोकी जमातीचा. त्याच्या जमातीला स्वभूमीतून हुसकावण्यात आले होते. ही पार्श्वभूमी लक्षात घेतल्यास त्या प्रतीकाला वेगळाच अर्थ प्राप्त होतो.

ब्रेट हार्ट (१८३६–१९०२) हा ओव्हरलँड मंथली (स्थापना १८६८) या मासिकाचा पहिला संपादक. ‘डिकिन्स इन कँप’ या कवितेत त्याने सिएरा पर्वतातील देवदारांखाली शेकोटीभोवती बसून कथावाचन ऐकणारे खाणकामगार रंगविले. ‘प्लेन लँग्वेज फ्रॉम ट्रूथफुल जेम्स’ (१८७०) या कवितेत पत्त्यांच्या डावात लबाडी करणाऱ्या गोऱ्यांवर एक चिनी खेळाडू त्यांच्याच युक्तीने मात करतो. हार्टचा रोख गोऱ्यांच्या दुटप्पीपणावर होता. तथापि अनेक वाचकांनी उपरोध न ओळखता ती शब्दशः घेतली आणि चिनी-विरोधी प्रचारात तिचा वापर झाला. चिनी मजुरांच्या प्रवेशास बंदी करणारा कायदा १८८२ मध्ये संमत झाला.

वॉकीन मिलर (१८३७–१९१३) याचा साँग्ज ऑफ द सिएराज (१८७१) हा संग्रह लंडनमध्ये गाजला. त्याच्या काव्यावर बायरनची छाप असून रचना सैल आहे. मात्र पर्वत व अरण्ये यांची भव्यता त्यात जाणवते. आयना कूलब्रिथ (१८४१–१९२८) हिची भावगीते अधिक संयत आहेत. १९१५ मध्ये ती कॅलिफोर्नियाची पहिली राजकवयित्री झाली.

या काव्यातील निसर्ग बहुधा अस्पर्श असतो. वस्तुस्थिती निराळी होती. १८५३ पासून पाण्याच्या प्रचंड झोतांनी टेकड्या फोडण्यात येत व त्यांचा गाळ नद्यांत साचून शेती बुडे. अखेर १८८४ मध्ये न्यायालयाने नद्यांत गाळ सोडण्यास मनाई केली. मूळ रहिवाशांची संख्या १८४८ मधील सुमारे दीड लाखांवरून १८७० पर्यंत अंदाजे तीस हजारांवर आली. या विध्वंसाची दखल या काव्यात क्वचितच आढळते. चिनी स्थलांतरितांचा स्वतःचा आवाज तर फार उशिरा छापला गेला : कॅलिफोर्नियाला ‘सुवर्णपर्वत’ म्हणणाऱ्या या समाजाच्या कँटनी गीतांचे संग्रह सॅन फ्रान्सिस्को येथे १९११ व १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सुवर्णशोधाचे काव्यगत चित्र त्यांच्यासह वाचल्यासच पूर्ण होते.