एक आडनाव, तीन एल्फिन्स्टन आणि लोणावळ्याचे १८७१

(१)
पुण्याहून निघालेली लोकल घोरावाडी मागे टाकते आणि तळेगाव, वडगाव, कामशेत करत लोणावळ्याला पोहोचते. या शेवटच्या स्थानकाविषयी पर्यटन पुस्तिकांत एक विधान वर्षानुवर्षे छापले जाते : मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने १८७१ साली लोणावळा-खंडाळा शोधून काढले. अडचण एवढीच, की १८७१ साली या नावाचा गव्हर्नर मुंबईत नव्हता.

(२)
एल्फिन्स्टन हे स्कॉटलंडमधील जुने सरदार घराणे. एकोणिसाव्या शतकात या घराण्यातील तिघांची नावे हिंदुस्थानच्या इतिहासात आली आणि पुढे लोकस्मृतीत ती एकमेकांत मिसळून गेली.

(३)
पहिला माउंटस्टुअर्ट. जन्म १७७९. त्याच वर्षी जानेवारीत मावळातील वडगावला कंपनीच्या फौजेने मराठ्यांपुढे हार पत्करून तह केला होता. हाच माउंटस्टुअर्ट पुढे पुण्यात रेसिडेंट झाला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, संगमावरची त्याची रेसिडेन्सी जळाली. पण १८१८ मध्ये पेशवाईच संपली. १८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. मुंबईचे एल्फिन्स्टन महाविद्यालय त्याच्या नावाचे. महत्त्वाची गोष्ट ही, की तो कधीही ‘लॉर्ड’ नव्हता. सरदारकीचा वारसा थोरल्या भावाकडे गेला होता.

(४)
दुसरा जनरल विल्यम, माउंटस्टुअर्टचा चुलतभाऊ. वॉटर्लूच्या रणांगणावर लढलेला हा सेनानी १८४१ मध्ये काबूलच्या इंग्रज फौजेचा प्रमुख झाला, तेव्हा तो व्याधींनी जर्जर होता. जानेवारी १८४२ मध्ये सैनिक आणि बाजारबुणगे मिळून सुमारे १६,००० माणसे काबूलहून माघारी निघाली. बर्फाळ खिंडींत त्या जमावाचा जवळजवळ संपूर्ण नाश झाला. विल्यम कैदेतच मरण पावला.

(५)
तिसरा जॉन, माउंटस्टुअर्टचा पुतण्या आणि घराण्याचा तेरावा लॉर्ड. १८५३ ते १८६० तो मुंबईचा गव्हर्नर होता. १८५७ चा उठाव त्याच्याच कारकिर्दीतला. मुंबईचे एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचे हॉर्निमन सर्कल, आणि २०१८ मध्ये प्रभादेवी झालेले एल्फिन्स्टन रोड स्थानक ही नावे या पुतण्याची. महाविद्यालय काकाचे, स्थानक पुतण्याचे. अनेक जण मात्र दोन्ही एकाच्याच नावावर लिहितात.

(६)
आता १८७१ तपासून पाहू. माउंटस्टुअर्टचा मृत्यू १८५९ चा, जॉनचा १८६० चा. १८७१ मध्ये गव्हर्नरपदी होता सर सीमूर फिट्झजेराल्ड. शिवाय खंडाळा-पुणे लोहमार्ग १४ जून १८५८ रोजीच सुरू झाला होता. म्हणजे या ‘शोधा’च्या १३ वर्षे आधीपासून लोणावळ्यावरून आगगाडी धावत होती. त्या वेळी गव्हर्नर खरोखरच लॉर्ड एल्फिन्स्टन होता. कदाचित नावाच्या घोळाचे मूळ येथेच असावे. बोरघाटातील गाडीरस्ता तर त्याहूनही जुना, १८३० चा, जॉन माल्कमच्या कारकिर्दीतला.

(७)
पण चुकीचे साल हा लहान दोष आहे. मोठा दोष ‘शोधून काढले’ या शब्दांत आहे. कार्ल्याची लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. ती कोरवून घेण्यासाठी दान देणाऱ्यांची नावे तेथील शिलालेखांत आजही वाचता येतात. लोहगड-विसापूर शिवकाळाच्या आधीपासून या वाटांवर पहारा देत उभे आहेत. ज्या मुलखात माणसे पिढ्यान्‌पिढ्या शेती करत होती, घाट चढत-उतरत होती, तो मुलूख कोणा गव्हर्नरने शोधण्याची वाट पाहत नव्हता.

(८)
म्हणून इतिहासात केवळ आडनाव पुरेसे नसते. ‘एल्फिन्स्टन’ हे नाव भेटले, की तीन प्रश्न विचारावेत : पहिले नाव कोणते? साल कोणते? आणि त्याच्या येण्याआधी तेथे कोण राहत होते? पहिल्या दोन प्रश्नांनी काका-पुतण्या वेगळे होतात. तिसऱ्याने मावळ मावळच्या माणसांना परत मिळते.